चाल एकाची, साज दुसऱ्याचा: गाण्यातला अरेंजर नेमकं काय करतो?

पणजी-मडगावात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असला की पत्रिकेवर दोन वेगळ्या ओळी दिसतात. एक 'संगीत', दुसरी 'संगीत संयोजन'. पहिल्या ओळीतलं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या ओळीकडे बघून बरेच जण चक्रावतात. संयोजन म्हणजे खुर्च्या मांडणं, ध्वनिक्षेपक आणणं, असाही काहींचा प्रामाणिक समज असतो. वादकांच्या बोलीत या माणसाला अरेंजर म्हणतात, आणि इथून पुढे तोच शब्द वापरू.

त्यातच मोबाइलवर एक मजकूर फिरत असतो: 'हिंदी सिनेमातली गाणी खरी केली ती आमच्या गोंयकारांनी, नाव मात्र भलत्यांचं झालं.' त्याला उत्तर म्हणून दुसरा येतो: 'छे, ते नुसतं सांगितलेलं लिहून घ्यायचे.' दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे, आणि दोघेही चुकतात. कारण चाल कुठे संपते आणि साज कुठे सुरू होतो, हेच बहुतेकांना कधी कुणी दाखवलेलं नसतं.

आधी चवथीची आरती घ्या

चवथीला घरोघरी 'सुखकर्ता दुखहर्ता' होते. शब्द तेच, चाल बहुतेक तीच. घरात टाळ्या आणि झांजेवर होते तेव्हा ती दोन-तीन मिनिटांत आटोपते. तीच आरती घुमट आरतीचं पथक (घुमट म्हणजे मातीच्या घड्याला कातडं लावलेलं तालवाद्य) घेतं तेव्हा काय होतं ते आठवा. ओळ कुठे ताणायची, ओळ संपल्यावर घुमटांची फेरी किती लांब चालवायची, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) कधी शिरणार, कासाळें (मोठी झांज) कुठे गप्प राहणार, लय कुठल्या कडव्याला चढणार, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. दोन गावांची पथकं एकच चाल गातात आणि तरी डोळे मिटून ओळखू येतात.

चाल म्हणजे गळ्यातून जाणारी स्वरांची एक ओळ. ती तुम्ही नहाणीतही गुणगुणू शकता. तिच्याभोवती कोणतं वाद्य, कुठल्या क्षणी, किती जोरात, कुठल्या स्वरावर वाजेल याचा निर्णय म्हणजे साज, अर्थात अरेंजमेंट. पथकात हा निर्णय सरावातून, डोक्यात आणि हातात साठतो. चाळीस वादकांना मात्र एका दुपारी, एकाच वेळी वाजवायचं असेल तर तो कागदावर उतरावा लागतो. अरेंजर जन्मतो तो या गरजेतून.

साथ वेगळी, साज वेगळा

नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या कानाला इथे एक अडचण येते. आपल्याला साथ नीट ठाऊक आहे. गायक जागा घेतो, ऑर्गनवाला ती पकडतो, अर्धी त्याच्याबरोबर आणि अर्धी त्याच्या मागून वाजवतो. तबलजी समेची वाट बघतो. गायकाने आज दोन ताना जास्त घेतल्या तर साथीदारांना त्यात आनंदच असतो. दीनानाथ मंगेशकरांच्या पदांपासून जितेंद्र अभिषेकींच्या नाट्यपदांपर्यंत ही रीत चालत आलेली आहे. साथ ऐकता ऐकता केली जाते.

साज आधी ठरतो. अडतिसाव्या बारला सगळी व्हायोलिनं एकदम वर जाणार असतील तर गायकाने सदतिसाव्याला जादा आलाप घेऊन चालत नाही. (बार म्हणजे कागदावरचा ठरावीक मात्रांचा एक खण, बहुतेक गाण्यांत चार ठोक्यांचा.) म्हणून सिनेमाच्या गाण्यात गायकाला मोकळीक कमी आणि शिस्त जास्त. शास्त्रीय गाणाऱ्या अनेकांना हे जाचायचं, आणि ते जाचणं खोटं नव्हतं.

कागदावर काय काय उतरतं

काम बैठकीतून सुरू होतं. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवतो, गीतकार शब्द बसवतो, दिग्दर्शक मान डोलावतो. अरेंजर ती चाल पाच रेघांच्या पाश्चात्त्य लिपीत, म्हणजे स्टाफ नोटेशनमध्ये उतरवून घेतो. भातखंड्यांची स्वरलिपी का नाही, असा प्रश्न साहजिक आहे. भातखंडे लिपी एका गळ्याची चाल उत्तम टिपते. पण एकाच क्षणी आठ वाद्यं आठ वेगळे स्वर लावणार असतील तर ते एकाखाली एक, उभ्या रेषेत, एका नजरेत दिसावे लागतात. पाच रेघांच्या लिपीचं बळ त्या उभ्या वाचनात आहे.

मग पट्टी ठरते. गायकाला कुठली पट्टी सोयीची, वरचा स्वर कुठे फाटणार नाही, खालचा कुठे बसणार नाही, हे पाहून. इथे पहिला खड्डा असतो. हार्मोनियमवाला आणि व्हायोलिनवाला दोघेही 'पांढरी एक' (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, पाश्चात्त्य नाव सी; काळ्याही अशाच मोजतात) म्हणजे एकच स्वर समजतात. ट्रम्पेटवाला मात्र आपल्या कागदावरचा तोच स्वर वाचून वाजवतो तेव्हा प्रत्यक्षात काळी पाच ऐकू येते, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली. त्या वाद्याची घडणच तशी आहे. म्हणून गाणं पांढरी एकमध्ये असेल तर ट्रम्पेटचा कागद पांढरी दोनमध्ये लिहावा लागतो, आणि आल्टो सॅक्सोफोनचा पांढरी सहामध्ये. कागदांच्या नकला उतरवणारा हे विसरला की पहिल्याच रिहर्सलला असा गोंधळ उडतो की वादकांना वाटतं पितळी वाद्यं बेसूर आहेत. वादक बरोबर असतात, कागद चुकलेला असतो.

त्यानंतर वेळेचं गणित. दहा इंची ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणं मावायचं. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरा. चार ठोक्यांचा बार, म्हणजे मिनिटाला ३० बार. सव्वातीन मिनिटांत साधारण ९७. आता वाटणी करा: सुरुवातीचं म्युझिक ८, मुखडा १२, मधलं पहिलं म्युझिक १२, अंतरा आणि मुखड्याची परतणारी ओळ मिळून २०, दुसरं म्युझिक १२, दुसरा अंतरा २०, शेवटचा मुखडा ८. झाले ९२. उरले पाच बार. गीतकाराने तिसऱ्या अंतऱ्याचा हट्ट धरला की कात्री लागते ती म्युझिकला, आणि म्युझिक म्हणजे अरेंजरचा प्रांत. जुन्या गाण्यांचा तिसरा अंतरा सिनेमात ऐकू येतो आणि तबकडीवर नसतो, त्यामागे हे साधं गणितही असतं.

या म्युझिकमध्ये काय वाजणार, हे काही संगीतकार स्वरन् स्वर सांगत. काही एखादी कल्पना गुणगुणत आणि बाकी अरेंजरवर सोपवत. काही जण 'इथे बारा बार, पाऊस पडल्यासारखं वाटलं पाहिजे' एवढंच सांगून चहा मागवत.

मग वाद्यांच्या मर्यादा. व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर म्हणजे हार्मोनियमच्या मधल्या पांढरी एकच्या खालची पांढरी पाच. त्याखाली तार नाही. चाल त्याखाली उतरली की ती ओळ व्हिओलाकडे किंवा चेलोकडे, म्हणजे व्हायोलिनच्याच जातीच्या पण खालच्या स्वरांच्या वाद्यांकडे, द्यावी लागते. बासरीचा खालच्या पट्टीतला आवाज गोड, पण दबका. तिथे बासरीची ओळ लिहून वर बारा व्हायोलिनं ठेवली तर बासरी हलताना दिसेल, ऐकू येणार नाही. फुंकवाद्यांना श्वास लागतो. सलग सोळा बारची ओळ ट्रम्पेटला दिली तर वादक मध्येच कुठेतरी श्वास घेणारच. तो कुठे घ्यायचा हे अरेंजरने लिहिलं नाही तर तो नको तिथे घेतो.

शेवटी प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद. ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर कधी कधी फक्त '२४ बार गप्प' असं असतं, आणि मग दोन बारची आतषबाजी. चोवीस मोजताना तो एकाने चुकला तर? अनेक ध्वनिपट्ट्या वेगवेगळ्या ध्वनिमुद्रित करण्याची सोय येण्याआधी गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी वाजवत. एकाची चूक म्हणजे सगळ्यांचं पहिल्यापासून. म्हणून जाणता अरेंजर गप्प बसलेल्या वादकाच्या कागदावर बारीक अक्षरात आधीच्या दोन बारची गायकाची ओळ लिहून ठेवतो. ती कानावर आली की वाद्य उचलायचं.

आवाजाचा तोलही तेव्हा खोलीतच साधावा लागे. पितळी वाद्यं मागे, व्हायोलिनं पुढे, एकल वादक मायक्रोफोनजवळ. म्हणजे कोण कुठे बसणार हाही साजाचाच भाग.

गाण्याखालचं दुसरं गाणं

म्युझिकचे तुकडे सगळ्यांना ऐकू येतात. अरेंजरचं खरं कसब त्याच्या अलीकडे, गायक गात असतानाच चाललेलं असतं. वादकांच्या भाषेत याला काउंटर किंवा ऑब्लिगाटो म्हणतात: मुख्य चालीच्या सोबतीने चालणारी, तिच्यापेक्षा वेगळी पण तिला न झाकणारी दुसरी चाल.

ती कशी रचतात? मुख्य नियम सोपा आहे. गळा हलत असेल तेव्हा वाद्यांनी थांबायचं, गळा थांबला की वाद्यांनी हलायचं. ओळीच्या शेवटी गायिका एखादा स्वर चार ठोके धरून ठेवते. त्या चार ठोक्यांत चेलो खालून तीन-चार स्वरांची एक वळणदार ओळ टाकून जातात आणि पुढची ओळ उचलायला जागा करून देतात. दुसरं, दिशा उलटी ठेवायची. गळा वर चढतो तेव्हा काउंटर खाली उतरला तर दोन्ही ओळी सुट्या ऐकू येतात. बरोबरीने चढला तर त्या एकमेकींत मिसळतात. तिसरं, गायिकेचा आवाज ज्या टापूत आहे तो टापू मोकळा ठेवायचा, एकतर त्याच्या खाली जा किंवा पुष्कळ वर. फुगडी घालणाऱ्या दोघींसारखं आहे हे. एकीने मागे झुकल्याशिवाय दुसरीचा तोल राहत नाही.

फसतं कुठे? काउंटर जास्त सुंदर झाला तर. श्रोता त्याच्यामागे जातो आणि शब्द सुटतात. मग संगीतकार, बहुतेक वेळा योग्य कारणाने, तो काढायला सांगतो.

या कामात सेबॅस्टियन डिसोझा यांचं नाव वादक आजही पहिल्यांदा घेतात. बार्देशातल्या रेइश मागूशचे. फाळणीपूर्वी लाहोरात त्यांचा बँड होता, फाळणीनंतर ते मुंबईत आले. संगीतकार ओ. पी. नय्यर आणि मग मुख्यतः शंकर-जयकिशन यांच्याबरोबर पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी काम केलं. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतला तो व्हायोलिनांचा भरलेला प्रवाह, अंतऱ्याच्या दोन ओळींमधली पोकळी भरून काढणारे चेलो, ही त्यांच्या कागदाची ओळख. त्याच चमूत ताल सांभाळणारे दत्ताराम वाडकर मूळचे गोव्याचेच. त्यांचा ढोलकचा ठेका इतका वेगळा की वादक त्याला आजही 'दत्ताराम ठेका' म्हणतात. ठेक्याला माणसाचं नाव मिळणं हा मान आपल्याकडे फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे.

पण मग रागाचं काय?

हा आक्षेप जुना आहे आणि त्यात दम आहे. राग एका ओळीत फुलतो. पाश्चात्त्य साजात कॉर्ड येतात, म्हणजे तीन किंवा अधिक स्वर एकदम. त्यातला एखादा स्वर रागात वर्ज्य असेल तर?

उदाहरणं घेऊनच बघू. यमनात मध्यम तीव्र. साध्या गाण्यांना जे तीन कॉर्ड पुरतात ते सा, म आणि प यांवर उभे राहतात. त्यातला दुसरा म्हणजे म-ध-सा, आणि तो म शुद्ध आहे. लावला की यमन गेला. त्याऐवजी रे-तीव्र म-ध हा कॉर्ड रागात बसतो. पण आणखी एक चोरवाट आहे. शेवटाकडे जाताना हात आपोआप जी-सेव्हन या कॉर्डकडे वळतो. पांढरी एकच्या पट्टीत त्याचे स्वर होतात प-नी-रे-म, आणि तो चौथा म पुन्हा शुद्धच. भजन मंडळातल्या की-बोर्डवर यमनातलं पद अचानक 'वेगळंच' वाटू लागतं, तेव्हा दहापैकी नऊ वेळा गुन्हेगार हा असतो. चौथा स्वर सोडून नुसतं प-नी-रे वाजवलं तर काम भागतं.

भूप आणखी अवघड. सा रे ग प ध या पाच स्वरांत तीन स्वरांचे शुद्ध कॉर्ड फक्त दोन बनतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. तीन मिनिटं दोनच कॉर्डांवर काढणं म्हणजे रोज हुमण आणि शीत, पोट भरतं पण जीभ कंटाळते. मालकंसात पंचमच नाही, म्हणजे सा-वर कॉर्ड उभाच राहत नाही. उरतात म-कोमल ध-सा आणि कोमल ध-सा-कोमल ग. ते जोरात वाजवले तर कान सा-ला सोडून मध्यमाला किंवा धैवताला घर समजू लागतो आणि गायकाला आपण बेसूर आहोत की काय असं वाटतं.

म्हणून जाणत्यांनी कॉर्डचा हट्ट सोडला. मालकंसासारख्या रागात डबल बेस नुसता सा धरून ठेवतो, तानपुऱ्यासारखा, आणि वर रागातल्याच स्वरांचा काउंटर चालतो. कधी सगळी व्हायोलिनं एकाच ओळीत, तीन सप्तकांत, कॉर्डविना. भैरवीत मात्र अरेंजरला मोकळं रान. सा-कोमल ग-प, कोमल रे-म-कोमल ध असे सहा स्वच्छ कॉर्ड मिळतात, शिवाय सुगम भैरवीत बाराही स्वर चालवून घेतात. शंकर-जयकिशन यांना भैरवी प्रिय होती, आणि तिच्यात साजही मोठा फुलला.

या प्रश्नाशी सर्वांत हट्टाने झुंजले ते सासष्टीतल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. जन्म १९२७. व्हायोलिनवादक, अरेंजर आणि शिक्षक. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. सिनेमाच्या कामावर न थांबता त्यांनी रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदाच्या रचना लिहिल्या, त्यातली एक राग सारंगातली. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांच्या वाद्यवृंदासमोर एकल गायक होते लता मंगेशकर आणि मन्ना डे. फोंड्यातल्या मंगेशीच्या दीनानाथांची मुलगी आणि माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक: नाट्यसंगीताचा गोवा आणि चर्चमधल्या व्हायोलिनचा गोवा. आपल्याकडे फोंड्यातला माणूस सासष्टीतल्या संगीताला परकं मानतो, सासष्टीतला फोंड्यातल्याला. मुंबईच्या स्टुडिओत मात्र दोघांना एकाच मायक्रोफोनपुढे उभं राहावं लागलं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यामुळे, शिष्याने गुरूला केलेला नमस्कार म्हणून. बऱ्याच लोकांना तो माणूस खरा होता हे त्यानंतरही कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. २०१२ साली ते गेले.

हे लोक गोव्यातूनच का गेले?

रक्तात संगीत वगैरे म्हणायची सवय आपल्याला आहे. कारण त्याहून साधं आहे: शाळा. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना लिपी वाचून गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. शिकवणारा तो मेस्त. रविवारच्या मिस्साला (चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला) चारही आवाजांचं गायन हवं असे, त्यासाठी वाचणारे गळे आणि हात तयार करणं ही गरज होती. शिवाय मांडो, म्हणजे गोव्यातलं कोकणी नृत्यगीत, होता. मांडोत दोन आवाज एकमेकांपासून तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतरावर चालतात, संगतीला व्हायोलिन आणि घुमट. म्हणजे लहानपणापासून कान एकाच वेळी दोन ओळी ऐकायला सरावलेला.

गोव्यात या विद्येला पगार नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानात होता: लष्करी बँड, मूकपट दाखवणारी थिएटरं, हॉटेलं, जॅझचे नाच. मुंबईत धोबीतलावच्या आसपासच्या गावोगावच्या कुडांत (एकेका गावच्या लोकांच्या सामायिक बिऱ्हाडांत) ही मंडळी उतरायची. बोलपट आले, पुढे १९५० च्या सुमारास मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतल्या रात्री थंडावल्या, आणि वाचून वाजवणारे हात सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले.

ते येताना रिकाम्या हाताने आले नाहीत. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, यांनी सी. रामचंद्र यांच्या गाण्यांत जॅझचा झुलता ताल आणि पितळी वाद्यांचा ठसका आणला. १९५१ च्या 'अलबेला'त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, अस्सल मराठी भावगीताच्या वळणाचा कान. त्या चाली मराठी वळणाच्याच राहिल्या आणि कपडे मात्र न्यू ऑर्लिन्सचे झाले.

कोकणी गाण्यात ही दोन कामं अनेकदा एकाच हाती राहिली. मडगावच्या ख्रिस पेरींनी चाल, साज आणि बँड तिन्ही स्वतःकडे ठेवलं, आणि गायिका लोर्ना यांच्या आवाजाभोवती पितळी वाद्यांच्या अशा ओळी गुंफल्या की लोक शब्दांइतक्याच त्याही गुणगुणतात. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हिंदीत अरेंजर होते, आणि 'आमचें नशीब' (१९६३) व 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी सिनेमे त्यांनी काढले.

मग चालीही यांच्याच का?

नाही. ज्याला लिहिता येतं त्यानेच केलं असणार, हा तर्क लंगडा आहे. केसरबाई केरकरांच्या गाण्याला कागद लागला नव्हता. लिहिणं हे साठवण्याचं आणि वाटण्याचं साधन आहे. चाल सुचणं ही निराळी गोष्ट. एकच अरेंजर वेगवेगळ्या संगीतकारांकडे काम करत होता आणि तरीही त्या संगीतकारांची गाणी वेगवेगळी ओळखू येतात, हा सर्वांत साधा पुरावा. शिवाय सगळे अरेंजर गोव्याचे नव्हते. सलील चौधरी आपला साज स्वतः लिहीत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या जोडीत प्यारेलाल स्वतःच तो भार उचलत. केर्सी लॉर्ड हे पारशी. मराठीत अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल यांचं काम तुमच्या कानात आधीच आहे, नाव ठाऊक नसलं तरी.

उलट बाजूही तितकीच खरी. सुरुवातीचं म्युझिक ऐकून लोक दोन सेकंदांत गाणं ओळखतात, तेव्हा ते चाल ओळखत नसतात. चाल अजून सुरूच झालेली नसते.

नाव का येत नाही?

तबकडीच्या लेबलवर जागा चार नावांची: सिनेमा, गायक, गीतकार, संगीतकार. पडद्यावर अरेंजर आला तर 'सहायक' म्हणून. मोबदला कामागणिक रोख. कायद्याची मात्र एक गंमत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची व्याख्या मेलडी आणि हार्मनीची, लिहिलेली किंवा छापलेली रचना अशी होती. म्हणजे कायद्याला कागद हवा होता, आणि कागद लिहीत होता अरेंजर! १९९४ च्या दुरुस्तीने ती अट गेली. आता लिहिलेलं असो वा नसो, रचणारा तो संगीतकार. साज हा त्या कृतीचं 'रूपांतर' मानला जातो, आणि रूपांतराचा हक्क मूळ कृतीच्या मालकाकडे. तो मालक बहुतेक वेळा निर्माता, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये शिक्कामोर्तब केलं होतं. वादकांना कलाकार म्हणून हक्क १९९४ मध्ये मिळाले, आणि व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने. पन्नास-साठच्या दशकांत वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांना तोपर्यंत त्याचा उपयोग उरला नव्हता.

आणि आता?

ऐंशीच्या दशकापासून सिंथेसायझर आला, मग संगणक. चाळीस वादकांचं काम एक माणूस खोलीत बसून करतो आणि त्याला प्रोग्रॅमर किंवा म्युझिक प्रोड्युसर म्हणतात. काम तेच, वादक तेवढे गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मर्यादाही. की-बोर्डवर 'स्ट्रिंग्ज'चं बटण दाबून कुठल्याही पट्टीत बोट ठेवलं तरी आवाज येतो, मधल्या पांढरी एकखालच्या त्या पांढरी पाचच्याही खाली, जिथे व्हायोलिनला तारच नाही. ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, फक्त खोटं वाटतं. फुंकवाद्याची ओळ श्वासाविना अर्धा मिनिट चालते, तेव्हाही तसंच. खऱ्या वाद्याचा भास हवा असेल तर संगणकावरही ओळीत श्वासाची जागा सोडावी लागते आणि दर स्वराचा जोर किंचित कमीजास्त करावा लागतो.

स्वतः तपासून पाहायचं असेल तर पन्नास-साठच्या दशकातलं शंकर-जयकिशन यांचं एखादं भैरवीतलं गाणं कानात घालायचे इयरफोन लावून तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त गळा. दुसऱ्यांदा गळा थांबतो तेवढ्याच जागा, आणि तिथे कोण शिरतं ते. तिसऱ्यांदा सगळ्यात खालचा डबल बेस. तिसऱ्या वेळी गायिका मध्येच गायची थांबली तरी चटकन लक्षात येत नाही.